हुजूरपक्षाचा दप्तरदार

विलायतेतील कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला आपल्याकडील जुन्या वृत्तपत्रकारांनी ‘हुजूरपक्ष’ असे नाव ठेवले आणि मजुरांचा पक्ष उदयास आला तेव्हा हुजूर-मजूर हे यमकही त्यांना आयतेच सापडले. परंतु यमकाची सोय बाजूला ठेवली तरी तो शब्द मोठा मार्मिक आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. ‘सनातनी’ म्हटले की धर्माचा वास येतो, ‘प्रतिगामी’ म्हटले की शिवी होते, आणि ‘पुराणमतवादी’ म्हणावे तर ज्याची सारी मदार मतापेक्षा वहिवाटीवर, त्याच्या गळ्यात उगीच मताचे लोढणे अडकविल्यासारखे होते. हुजूर म्हणजे धन्याची समक्षता. राजा, राजाचे धर्मपीठ आणि पिढीजात जमीनदार ही तीन आसने जागच्या जागी राहावीत, कारभार त्यांच्या समक्ष चालावा, आणि जे बदलावयाचे ते कोणाच्या फारसे ध्यानात येणार नाही इतक्या बेताने बदलावे, हा ज्यांचा स्वभाव त्यांना याहून नेमके नाव कोणते द्यावयाचे? अशा पक्षाचा इतिहास लिहिणे मात्र दिसते तितके सोपे नाही. त्याला ना पोथी, ना आद्य आचार्य. बर्कला ते आचार्यपद देण्याची रीत आहे खरी, पण तो बिचारा जन्मभर प्रतिपक्षाचा, व्हिगांचा माणूस! जेथे पोथीच नाही तेथे भाष्य कशावर करावयाचे? इतिहासकाराला मग माणसे पाहावी लागतात, पत्रे वाचावी लागतात, मते मोजावी लागतात. रॉबर्ट ब्लेक यांनी पन्नास वर्षे हेच केले.

पोथी नसली तरी बखर मात्र या पक्षापाशी होती, आणि तिचा नायक होता बेंजामिन डिझरायली. १८८१च्या जानेवारीत पुण्यात ‘केसरी’ निघाला आणि त्याच वर्षीच्या १९ एप्रिलला लंडनमध्ये डिझरायली वारला; त्याच्या अंत्यविधीसाठी व्हिक्टोरिया राणीने प्रिमरोजची फुले पाठविली, आणि तेवढ्या आधारावर तीन वर्षांच्या आत प्रिमरोज लीग नावाची संस्था उभी राहून ते फिकट पिवळे रानफूल पक्षाचे दैवत होऊन बसले. गरिबांचा कैवारी, साम्राज्याचा द्रष्टा, श्रीमंत आणि दरिद्री या दोन राष्ट्रांना एक करणारा महात्मा, अशी त्याची मूर्ती सभांतून पुजली जाऊ लागली. तिला ग्रंथरूप दिले ते ‘टाइम्स’च्या परंपरेतील दोघा पत्रकारांनी. मनिपेनी यांनी पहिला खंड १९१० साली काढला. हे तेच साल, ज्यात पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. दुसऱ्या खंडानंतर मनिपेनी वारले आणि उरलेले चार खंड बकल यांनी १९२० पर्यंत पुरे केले. या सहा खंडांना बखर म्हणणे थोडे अन्यायाचे होईल, कारण त्यांत अस्सल पत्रांचा पाऊस आहे. पण कोणती पत्रे छापावयाची आणि कोणती रुमालातच बांधून ठेवावयाची हे भक्ताने ठरविले म्हणजे अस्सल पत्रांचीही बखर होते, याचा अनुभव आपल्याला घरच्या घरी आहे.

ब्लेक यांचा जन्म १९१६च्या डिसेंबरात नॉर्फोक परगण्यातला. वडील शाळामास्तर. म्हणजे ज्या जमीनदारांचा आणि उमरावांचा इतिहास त्यांना पुढे लिहावयाचा होता, त्यांच्या पंक्तीत बसण्याचा जन्मसिद्ध हक्क त्यांना नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नॉर्विचच्या शाळेतून ते ऑक्सफर्डच्या मॉडलिन महाविद्यालयात गेले आणि १९३८ साली पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. पुढे युद्ध आले. तोफखान्यात असताना १९४२च्या जूनमध्ये टोब्रुक पडले तेव्हा ते शत्रूच्या हाती सापडले, इटलीत कैदेत राहिले, १९४४ साली तेथून निसटले, आणि युद्धाची अखेरची वर्षे त्यांनी गुप्तवार्ता खात्यात काढली. दुसऱ्याचा कागद हाती पडला की त्यावर लिहिले आहे ते आधी वाचावे आणि तो लिहिणाऱ्याने कोणाच्या डोळ्यांसाठी लिहिला याचा विचार लगोलग करावा, ही सवय त्यांना त्या खात्यात लागली की ऑक्सफर्डमध्ये, हे सांगता यावयाचे नाही. ग्रंथांत मात्र ती पानोपानी दिसते. १९४७ साली ते क्राइस्ट चर्च महाविद्यालयात राज्यशास्त्राचे अध्यापक झाले. या महाविद्यालयाची गंमत अशी की तेथे अधिछात्राला, म्हणजे शिकविणाऱ्यालाच, ‘स्टुडंट’ अशी संज्ञा आहे. तेव्हा ब्लेक तेथे एकवीस वर्षे विद्यार्थी होते असे म्हटले तर ते शब्दशः खरे ठरेल. शिकविता शिकविता ते ऑक्सफर्डच्या नगरसभेत हुजूरपक्षातर्फे काही वर्षे सभासदही होते. आपल्या पक्षाशी असलेले नाते त्यांनी कधी लपविले नाही.

त्यांचे पहिले काम संपादनाचे होते. पहिल्या महायुद्धातील इंग्रज सरसेनापती हेग यांचे खाजगी कागद त्यांनी १९५२ साली प्रसिद्ध केले. त्या पाठोपाठ वृत्तपत्रांचा धनी लॉर्ड बीव्हरब्रुक याने आपल्यापाशी असलेले बोनर लॉ यांचे दप्तर ब्लेक यांच्या स्वाधीन केले. बोनर लॉ हे कॅनडात जन्मलेले, ग्लासगोच्या लोखंडाच्या व्यापारातून वर आलेले, दोन मुलगे १९१७ सालच्या लढाईत गमावलेले अबोल गृहस्थ. मुख्य प्रधानाच्या गादीवर ते जेमतेम सात महिने होते, आणि त्यांच्या रक्षेला वेस्टमिन्स्टर ॲबीत जागा मिळाली तेव्हा अज्ञात सैनिकाशेजारी अज्ञात मुख्य प्रधान विसावला, असा शेरा ॲस्क्विथ यांनी मारला असे सांगतात. ब्लेक यांनी १९५५ साली निघालेल्या चरित्राला तेच नाव दिले.

या ग्रंथातील एक प्रकरण आपण जरा जवळून पाहू, कारण त्यात ज्याची फजिती झाली तो गृहस्थ आपल्या पूर्ण परिचयाचा आहे. १९२३च्या मे महिन्यात घशाच्या कर्करोगाने जर्जर झालेल्या बोनर लॉ यांनी राजीनामा दिला आणि आपल्यामागून कोणास बोलवावे याविषयी राजाला सल्ला देण्याचे टाळले. उमेदवार दोन होते: एक बॉल्डविन, आणि दुसरे वंगभंग करून गेलेले आपले जुने व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन. कर्झन तेव्हा सॉमरसेटमधील माँटाक्यूट येथील वाड्यात होते आणि त्या वाड्यात टेलिफोन नव्हता. सोमवारी रात्री राजाच्या चिटणिसाची तार आली: लंडनला या, भेटावयाचे आहे. आता दुसरे काय असणार? मंगळवारी कर्झनसाहेब आगगाडीत बसले ते मुख्य प्रधान होण्याच्या निश्चयानेच, आणि वाटेत मनोराज्यांना तोटा नव्हता. दुपारी चिटणीस लॉर्ड स्टॅम्फर्डहॅम त्यांच्या घरी गेला आणि त्याने सांगितले की आता मुख्य प्रधान कॉमन्स सभेतलाच असावा, कारण मुख्य विरोधी पक्ष जो मजूरपक्ष त्याला उमरावांच्या सभेत जागाच नाही, असे महाराजांस वाटते. ज्या पुरुषाने कलकत्त्यास बसून अर्ध्या खंडाला हुकूम सोडले होते, त्याला स्वतःच्या दिवाणखान्यात हा हुकूम ऐकून घ्यावा लागला.

पण ब्लेक यांचे लक्ष कर्झनच्या अश्रूंपेक्षा एका कागदाकडे अधिक होते. राजीनामा घेऊन गेलेल्या मंडळींनी राजाच्या चिटणिसाकडे एक टिपणही पोहोचते केले होते. ते बॉल्डविनच्या बाजूचे होते, ते लिहिले होते डेव्हिडसन नावाच्या त्यांच्या स्नेह्याने, आणि चिटणिसाची समजूत करून देण्यात आली की त्यात जे आहे ते बोनर लॉ यांचेच मत. दप्तरांचा ज्याला सराव आहे त्याला हा प्रकार नवा वाटणार नाही: खलिता एकाचा, अक्षर दुसऱ्याचे आणि मसलत तिसऱ्याची. ब्लेक यांनी ते टिपण वाचकांपुढे ठेवले आणि त्या एका कागदाने राजाच्या निवडीचा किती भाग उचलला यावर विद्वानांत वाद पेटवून दिला. कर्झनच्या विरुद्ध उमरावपदाची अडचण खरीच होती आणि टिपण नसते तरी निकाल तोच लागला असता, असे मला वाटते. पण त्यामुळे टिपणाची लबाडी कमी होत नाही.

या तयारीनिशी ते डिझरायलीकडे वळले. ह्यूएंडन येथील त्याच्या वाड्यात त्याचे दप्तर होते (पुढे ते बोडलियन ग्रंथालयात गेले), आणि सहा खंडांत जे आले नव्हते तेही आता वाचावयास मोकळे झाले होते: दक्षिण अमेरिकेतील खाणींच्या रोख्यांत विशीतच करून घेतलेले कर्ज, ते फेडण्यासाठी काढलेली नवी कर्जे, हेन्रिएटा साइक्स या विवाहितेशी असलेला उघड संबंध, आणि खुद्द ह्यूएंडनची इस्टेट १८४८ साली बेंटिंक घराण्याच्या पैशांनी कशी उभी राहिली याचा हिशेब. हुजूरपक्षाचे नेतेपण करावयाचे तर जमीनदार असले पाहिजे, आणि जमीन घ्यावयास पैसा नाही, म्हणून पक्षातल्याच जमीनदारांनी नेत्याला जमीनदार करून दिले! १९६६ साली निघालेला हा सुमारे आठशे पानांचा ग्रंथ ब्लेक यांची कीर्ती करून गेला, आणि मला विचाराल तर त्यातील हिशेबाची पाने राजकारणाच्या पानांहून कमी वाचनीय नाहीत.

ब्लेक यांची रीत कळावी म्हणून एकच प्रसंग घेतो. १८४१ साली रॉबर्ट पील मुख्य प्रधान झाला तेव्हा मंत्रिमंडळात आपली वर्णी लागावी म्हणून डिझरायलीने त्याला ५ सप्टेंबर रोजी मोठे काकुळतीचे पत्र लिहिले; त्याच्या बायकोनेही निराळे पत्र धाडले. जागा मिळाली नाही. पाच वर्षांनी पीलने धान्यकायदे रद्द करण्याचे ठरविले तेव्हा त्याच्यावर सर्वांत विखारी बाण सोडणारा हाच डिझरायली. १५ मे १८४६ रोजी पीलने भर सभेत विचारले की सन्माननीय सभासदांचे माझ्याविषयी इतके वाईट मत होते तर एकेचाळीस साली माझ्या हाताखाली काम करावयास ते तयार कसे होते? त्यावर डिझरायली उठला आणि आपण अशी याचना कधीच केली नाही असे त्याने निक्षून सांगितले. ही गोष्ट साफ खोटी होती. पत्र त्या वेळी पीलच्या पेटीतच होते असे सांगतात. पण ते त्याने वाचून दाखविले नाही. का नाही, याचे उत्तर पीलबरोबर गेले. भक्ताला येथे अडखळल्यावाचून पुढे जाता येत नाही आणि निंदकाला येथून पुढे जावेसेच वाटत नाही. ब्लेक मात्र ते खोटे खोटे म्हणून नोंदवितात, ते बोलण्यात केवढे साहस होते तेही दाखवितात, आणि शांतपणे पुढच्या वर्षाकडे जातात.

पुढच्या वर्षांचा हिशेबही असाच. १८४६ साली पक्ष जो फुटला, त्याला कॉमन्स सभेत पुन्हा स्वतःचे बहुमत मिळावयास १८७४ साल उजाडले. १८६७चा मताधिकाराचा कायदा म्हणजे डिझरायलीने कामकऱ्यांवर टाकलेला दूरदर्शी विश्वास, अशी बखरीतील कथा. ब्लेक यांना दप्तरात आढळले ते असे की ग्लॅडस्टनवर मात करण्याच्या नादात तो दुरुस्तीमागून दुरुस्ती पत्करीत गेला, आणि हॉजकिन्सन यांची सर्वांत मोठी दुरुस्ती तर त्याने सहकाऱ्यांना न विचारताच मान्य करून टाकली. त्याच्या सामाजिक सुधारणांच्या कथेचीही तीच गत. १८७४ साली गृहमंत्री झालेल्या क्रॉस यांना वाटत होते की नवे मुख्य प्रधान कायद्यांच्या योजनांची पोतडी घेऊन येणार. प्रत्यक्षात पोतडी रिकामी पाहून ते चकित झाले. घरबांधणीचे, आरोग्याचे आणि कारखान्यांचे जे कायदे झाले ते खात्यांनी तयार केले होते, मुख्य प्रधान त्यांच्या आड आला नाही इतकेच. अशा रीतीने पक्षाच्या दैवताची एकेक अंगवस्त्रे एका निष्ठावंत पक्षीयाने उतरविली, आणि आश्चर्य असे की मूर्ती लहान झाली नाही. पुढल्या अभ्यासकांनी ब्लेक यांच्यावर आक्षेप घेतला की डिझरायलीच्या कल्पनांना आणि त्याच्या ज्यू असण्याला त्यांनी द्यावे तितके वजन दिले नाही. आक्षेप खोटा नाही. कल्पनांवर विश्वासून माणसाची पारख करणे हा ब्लेक यांचा पिंडच नव्हता.

मराठी वाचकाचा आक्षेप निराळा असेल. ज्या वर्षी डिझरायली बहुमताने गादीवर आला त्याच वर्षी, १८७४ साली, विष्णुशास्त्र्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. आणि त्याच्या कारकिर्दीचा बरावाईट वाटा या देशाच्या पदरी पडला. १८७६ साली त्याने राणीसाठी ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ हा किताब पार्लमेंटकडून मंजूर करून घेतला आणि १ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटन यांनी दिल्लीस दरबार भरविला, तेव्हा दख्खनात दुष्काळाने माणसे आणि गुरे पटापट मरत होती. त्या दरबारात जरतारी पोशाखांच्या गर्दीत पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, हातच्या सुताचे जाडेभरडे पांढरे कपडे घालून हजर होते. वास्तविक याच डिझरायलीने २७ जुलै १८५७ रोजी कॉमन्स सभेत हे शिपायांचे बंड आहे की राष्ट्राचा उठाव, असा प्रश्न करून दत्तके नाकारण्याच्या धोरणावर कोरडे ओढले होते. त्या धोरणाची पहिली झळ १८४८ साली साताऱ्याला लागली होती, तेव्हा हे भाषण आपल्याकडे पुढे आवडीने उद्धृत झाले यात नवल नाही. पण विरोधी बाकावर बसून उमगलेले शहाणपण गादीवर बसल्यावर त्याच्या उपयोगी पडले नाही. हुजूरपक्षाच्या दप्तरात हिंदुस्थानचे रुमाल पुष्कळ. ते सारे लंडनच्या गाठीने बांधलेले, आणि ती गाठ सोडून पाहण्याचे काम ब्लेक यांनी आपले मानले नाही. लॉर्ड सॉल्झबरीवरील निबंधांच्या संग्रहाचे संपादन त्यांनी पुढे केले. याच सॉल्झबरीने १८८८ साली दादाभाई नवरोजींना उद्देशून ‘काळा माणूस’ हे शब्द वापरले होते. चारच वर्षांनी दादाभाई अवघ्या पाच मतांनी निवडून आले, आणि १८९५ साली मुंबईचेच मंचेरजी भावनगरी निवडून आले ते तर सॉल्झबरीच्याच पक्षातर्फे! हुजूरपक्षाच्या इतिहासातील हे प्रकरण आपल्याकडील कोणी तरी लिहावयास हवे.

डिझरायलीचे चरित्र निघाल्यावर ब्लेक यांना मानमरातब एकामागून एक मिळत गेले: १९६८ साली क्वीन्स महाविद्यालयाचे प्रमुखपद, १९७१ साली एडवर्ड हीथ मुख्य प्रधान असताना आजीव उमरावपद, पुढे दहा वर्षे राष्ट्रीय चरित्रकोशाचे संयुक्त संपादन. मधल्या काळात ऱ्होडेशियाचा इतिहास लिहिला, मुख्य प्रधानपदावर व्याख्याने दिली. हा सारा भाग मी भरभर सांगतो, कारण एक प्रसंग वगळता त्यात गोष्ट नाही.

तो प्रसंग १९८७ सालचा. आदल्या डिसेंबरात हॅरल्ड मॅकमिलन वारले होते आणि ऑक्सफर्डच्या कुलपतिपदाची जागा मोकळी झाली होती. मतदार म्हणजे विद्यापीठाचे पदवीधर. त्यांनी तेव्हा अंगावर झगा घालून जातीने ऑक्सफर्डला यावयाचे, टपालाने मत चालावयाचे नाही. ब्लेक उभे राहिले. त्यांना उमरावपद देणारे हीथही उभे राहिले, आणि तिसरे उभे राहिले मजूरपक्ष सोडून आलेले रॉय जेंकिन्स, जे स्वतःही चरित्रकार होते. जेंकिन्स यांना ३,२४९, ब्लेक यांना २,६७४ आणि हीथ यांना २,३४८ मते पडली. हुजूरपक्षाच्या दोघांची मिळून बेरीज पाच हजारांच्या वर जाते. १८४६ साली पक्ष फुटला की काय होते, हे ज्याने साऱ्या इंग्लंडला समजावून सांगितले, त्यालाच ती बेरीज एकेचाळीस सालानंतरच्या डिझरायलीसारखी बाहेर उभे राहून करावी लागली. ब्लेक यांनी ती करून पाहिली असेलच; आकडेमोडीत ते पक्के होते.

पक्षाचा सलग इतिहास त्यांनी व्याख्यानांतून रचला आणि १९७० साली तो ‘पीलपासून चर्चिलपर्यंत’ या नावाने निघाला. आरंभ पीलपासून केला यातच त्यांचा निवाडा होता: पक्ष घडविणारा तो, ज्याने १८३४ साली टॅमवर्थच्या मतदारांना पत्र लिहून झालेल्या सुधारणा आपण मोडणार नाही असे कबूल केले, आणि ज्याला पुढे पक्षानेच टाकले. ग्रंथ खपत राहिला, काळ सरकत राहिला, आणि प्रत्येक वेळी आवृत्तीला शेपूट जोडावे लागले. १९८५ साली तो ‘पीलपासून थॅचरपर्यंत’ झाला, १९९७ साली ‘पीलपासून मेजरपर्यंत’. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात मेजर यांच्या पक्षाचे अवघे १६५ सभासद निवडून आले. ब्लेक २० सप्टेंबर २००३ रोजी वारले, तेव्हाही पक्ष गादीबाहेरच होता. तिन्ही आवृत्त्या माझ्यासमोर शेजारी शेजारी आहेत. मागचे नाव दोनदा बदलले आहे, पुढचे एकदाही नाही, आणि डिझरायलीचे नाव तिन्हींपैकी एकाही मुखपृष्ठावर मथळ्यात नाही.